अडीच टनांची एसयूव्ही ट्यून करताना

२०१८ मध्ये आलेल्या मर्सिडीज-एएमजी जी ६३ मध्ये ४ लिटरचं, दोन टर्बोंचं व्ही८ इंजिन आहे. कारखान्यातून ते ५८५ अश्वशक्ती आणि ८५० न्यूटन मीटर टॉर्क देतं. ब्राबस या जर्मन ट्यूनिंग कंपनीने याच गाडीला वेगळे टर्बो आणि नवं सॉफ्टवेअर लावून ‘८००’ तयार केली: ८०० अश्वशक्ती, १००० न्यूटन मीटर. शून्य ते १०० किमीचा वेळ ४.५ सेकंदांवरून ४.१ वर आला. २१५ अश्वशक्ती वाढली आणि हाती आले ०.४ सेकंद. यात ब्राबसचं काही चुकलेलं नाही. अडीच टन वजन आणि कपाटासारखा आकार असला की हिशेब असाच लागतो.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो भेदायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. जी ६३ ज्या मालिकेतली, त्या जी-क्लासचा ड्रॅग गुणांक (आकार हवेला किती अडतो याचं माप) जुन्या आकारात सुमारे ०.५३ होता. समोरून दिसणारं क्षेत्रफळ ३ चौरस मीटर धरलं, तर ताशी १२० किमीला हवेसाठी साधारण ४८ अश्वशक्ती खर्च होते. ताशी २४० किमीला तीच गरज जवळपास ३८५ वर जाते. वेग दुप्पट, खर्च आठपट. म्हणूनच ५८५ चे ८०० केले, तरी वेगमर्यादा काढून टाकल्यावर कमाल वेग फार तर ११ टक्क्यांनी वाढेल. उलट २०२४ मध्ये याच गाडीच्या काही मॉडेलांना पुढच्या काचेलगतच्या खांबांवर नवं आवरण आणि छताच्या कडेला छोटी लिप दिली, आणि गुणांक ०.४४ वर आला. दिसण्याचं काम आणि पळण्याचं काम वेगळं नाही, याचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही.

तेव्हा जड गाडीवर काम करताना क्रम उलटा धरावा. आधी टायर, मग ब्रेक, मग उष्णता, आणि सगळ्यात शेवटी ताकद. बहुतेक लोक रिमॅपपासून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलण्यापासून) सुरुवात करतात, कारण ते तासाभरात होतं आणि पहिल्याच पिकअपला जाणवतं.

चाकं: तीन आकडे जुळले की झालं, असं नाही

अलॉय निवडताना पीसीडी (बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास), मधल्या भोकाचा व्यास आणि ऑफसेट (चाकाच्या मधल्या रेषेपासून हबवर टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे) हे तीन आकडे सगळे बघतात. पोर्शे केयेन आणि जी-क्लास दोघांचा पीसीडी ५×१३० आहे, पण मधलं भोक केयेनला ७१.६ मिमी आणि जी-क्लासला ८४.१ मिमी लागतं. भोक मोठं असेल तर चाक हबवर न बसता फक्त बोल्टवर लटकतं आणि ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरतं. त्यासाठी सेंटरिंग रिंग लागते, आणि एवढ्या वजनाच्या गाडीला ती अॅल्युमिनियमचीच घ्यावी. ब्रेकच्या उष्णतेने प्लास्टिकची रिंग मऊ पडते.

ऑफसेटचा हिशेब कागदावर करूनच चाक मागवावं. समजा मूळ रिम ९.५ इंच रुंद आणि ऑफसेट ३५ आहे, नवी रिम १०.५ इंच आणि ऑफसेट २५. रुंदी एक इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. ऑफसेट १० ने घटला, म्हणजे अख्खं चाक १० मिमी बाहेर सरकलं. बाहेरची कड २२.७ मिमी बाहेर येते आणि आतली कड २.७ मिमी आत जाते. आता मडगार्डच्या आतल्या ओठाशी आणि सस्पेन्शनच्या वरच्या आर्मशी किती जागा उरते ते मोजावं, तेही चाक पूर्ण वळवून आणि गाडी सगळ्यात खालच्या उंचीवर ठेवून. उभ्या गाडीत न घासणारा टायर खड्ड्यात हमखास घासतो. कॅलिपर आणि स्पोक यांच्यातही किमान ३ मिमी मोकळीक हवी. आतून चिकटवलेली बॅलन्सची वजनं तिथेच अडतात, हे ऐन वेळी लक्षात येतं.

स्पेसर (चाक आणि हब यांच्यामधली चकती) लावला तर मूळ बोल्टपेक्षा त्याच्या जाडीइतका जास्त लांब बोल्ट हवा. १४×१.५ आकाराचा बोल्ट हाताने फिरवून किमान साडेसात आटे आत गेला पाहिजे. बोल्टची बैठक गोल आहे की शंकूची, हेही जुळायला हवं. गोल बैठकीच्या चाकात शंकूचा बोल्ट घातला तर तो कडेवर टेकतो, सुरुवातीला घट्ट वाटतो आणि काही दिवसांत ढिला होतो. घट्ट करण्याचा टॉर्क गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो, या वर्गात बहुधा १३० ते १६० न्यूटन मीटर. चाक बसवल्यावर ५० ते १०० किमीनंतर तो पुन्हा तपासायचा. ही पायरी कधीही सोडू नये.

टायरचं गणितही असंच. २७५/५० आर२० चा व्यास ७८३ मिमी. २९५/४० आर२२ चा साधारण ७९५ मिमी, म्हणजे दीड टक्का जास्त. हा फरक चालतो. पुढच्या आणि मागच्या चाकांत मात्र फरक नको. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढचे आणि मागचे टायर एका फेरीत वेगवेगळं अंतर कापत असतील, तर ट्रान्सफर केसमधले (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागातले) क्लच सतत घसरत राहतात, तापतात आणि झिजतात. दोन टायर नवे आणि दोन अर्धे झिजलेले ठेवले तरी हेच होतं. नक्षीच्या खोलीत २ ते ३ मिमीपेक्षा जास्त फरक पडू देऊ नये.

आणि लोड इंडेक्स बघितल्याशिवाय टायर घेऊच नये. ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, १०८ म्हणजे १००० किलो. अडीच टनांची गाडी, पाच माणसं आणि सामान धरून मागच्या अॅक्सलवर पावणेदोन टनांपर्यंत भार येतो. वळणात त्यातला मोठा वाटा एकाच चाकावर जातो. स्पोर्ट्स कारसाठी बनवलेला कमी इंडेक्सचा रुंद टायर त्याच रिमवर बसतो, दिसतोही देखणा, पण आत भिंत तापत राहते. फुगा येणं किंवा भिंत फाटणं हा त्याचा शेवट असतो.

२३ इंची चाकाचा मोह मोठा आहे हे मान्य. एवढ्या मोठ्या मडगार्डमध्ये २० इंची चाक हरवल्यासारखं दिसतं. पण चाक आणि टायर मिळून ३५ किलोच्या आसपास जातात. हे वजन स्प्रिंगच्या खालचं आणि शिवाय फिरणारं, म्हणून पिकअप, ब्रेक आणि आराम तिन्ही ठिकाणी जाणवतं. फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या) अलॉयवर केलेला खर्च इथे खरोखर वसूल होतो. कास्ट (ओतीव) अलॉय त्याच ताकदीसाठी जाड करावं लागतं.

खाली करणं

एअर सस्पेन्शनच्या गाडीत स्प्रिंग बदलत नाहीत. उंची सांगणाऱ्या सेन्सरच्या लिंक बदलतात किंवा सॉफ्टवेअरने आकडा हलवतात. दोन्हीत कॉम्प्युटरला गाडी खरी आहे त्यापेक्षा उंच असल्याचं भासवलं जातं, म्हणून तो हवा सोडतो. २० ते ३० मिमीपर्यंत हे निभतं. त्यापुढे बंपस्टॉपपर्यंतचा प्रवास इतका कमी उरतो की प्रत्येक खड्डा चॅसीला बसतो. कॉम्प्रेसरवरही ताण येतो, कारण भार टाकल्यावर उंची सावरायला तो वारंवार चालू होतो.

२५ मिमी खाली आणल्यावर कॅम्बर (चाकाचा उभा कल) अर्धा ते एक अंशाने आत झुकतो. लोक टायर आतून झिजल्याचा दोष कॅम्बरला देतात, पण टायर खाणारा बहुधा टो (वरून बघता चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं असणं) असतो. उंची बदलली की टो बदलतो आणि टायर प्रत्येक मीटरला किंचित आडवा ओढला जातो. अलाइनमेंट नव्या उंचीवरच करावं, आणि त्यानंतर हेडलाइटची पातळी व समोरच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही करून घ्यावं. गाडीचं नाक १ अंशाने खाली गेलं तर ५० मीटरवर प्रकाशाची कड ८७ सेंटिमीटर खाली येते.

ब्रेक: इथे आकडे सगळं सांगतात

२५०० किलोची गाडी ताशी १०० किमीने जात असेल तर तिच्यात सुमारे ९६५ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. थांबताना त्यातली दोन तृतीयांश पुढच्या दोन डिस्कवर येते, म्हणजे एकेका डिस्कवर ३२० किलोज्यूल. १४ किलोची बिडाची डिस्क त्याने साधारण ४५ ते ५० अंशांनी तापते. ताशी २०० किमीवरून थांबा: ऊर्जा चौपट, तापमान एका थांब्यात १९० अंशांनी वर. असे तीन थांबे लागोपाठ घेतले, तर सहाशे अंश जवळ येतात. रस्त्यावरच्या साध्या पॅडची पकड त्याआधीच ढासळायला लागलेली असते.

लॅम्बोर्गिनी उरुसला पुढे ४४० मिमीच्या कार्बन-सिरॅमिक डिस्क आणि १० पिस्टनचे कॅलिपर देण्यामागे हेच आहे. दिखावा म्हणून नाही, जवळपास सव्वादोन टनांना ताशी ३०० किमीवरून थांबवायचं आहे म्हणून. कार्बन-सिरॅमिक डिस्क बिडाच्या तुलनेत जवळपास निम्म्या वजनाची असते, हा दुसरा फायदा.

बाहेरचा ब्रेक संच निवडताना पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ मूळ कॅलिपरच्या जवळ आहे का ते विचारावं. क्षेत्रफळ फार वाढलं की मास्टर सिलिंडरला जास्त तेल ढकलावं लागतं, पेडल खोल जातं आणि मऊ लागतं. फक्त पुढचा संच भक्कम केला तर ब्रेकचा तोल पुढे सरकतो, मागचे ब्रेक नुसते सोबतीला राहतात आणि थांबण्याचं अंतर कमी होण्याऐवजी वाढू शकतं. बाजारात कॅलिपरवर बसवायची रंगीत प्लास्टिकची झाकणं मिळतात. ती उष्णता कोंडतात. या वजनाच्या गाडीला ती लावूच नयेत.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित सुधारणा म्हणजे ब्रेक ऑइल. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, आणि हवेतली ओल शोषल्यावर किमान १५५ अंश. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ खाली जातं. दोन वर्षांनी, आणि जोरात चालवणार असाल तर वर्षाने ते बदलावं. नवे पॅड बसवल्यावर ताशी १०० वरून ३० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोराने वेग कमी करावा, पूर्ण थांबू नये, आणि मग दहा मिनिटं ब्रेक न दाबता चालवून थंड करावं. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं की त्या जागी पॅडचा थर चिकटतो. त्यानंतर ब्रेक लावताना जी थरथर जाणवते तिला लोक ‘डिस्क वाकली’ म्हणतात; डिस्क बहुतेक वेळा सरळच असते.

आता इंजिन

आजच्या टर्बो पेट्रोल इंजिनात अॅक्सलरेटर थेट थ्रॉटल उघडत नाही. पेडल म्हणजे टॉर्कची मागणी. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्या मागणीवरून किती हवा, किती बूस्ट (टर्बोचा जादा दाब), किती इंधन आणि ठिणगी केव्हा हे ठरवतो. पहिल्या टप्प्याच्या रिमॅपमध्ये हीच कोष्टकं आणि मर्यादा बदलतात. टर्बो इंजिनात २० ते ३० टक्के वाढ शक्य असते. बिनटर्बोच्या इंजिनात ५ ते १० टक्के मिळाले तरी पुष्कळ, कारण तिथे जास्तीची हवा कोंबायला काही नाही.

अडचण उष्णतेची. २७ अंशांची हवा १.३ बार बूस्टला दाबली, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती टर्बोतून सुमारे १४० अंशांनी बाहेर पडते. तिला ५० अंशांच्या आत आणणं हे इंटरकूलरचं काम. तो अपुरा पडला तर पहिला धावा जोरदार, दुसरा बरा आणि तिसरा मूळ गाडीपेक्षाही मंद. गरम हवेत उरलेलं मिश्रण ज्वाला पोहोचण्याआधीच आपोआप पेटतं, नॉक होतो, ईसीयू ठिणगी मागे ओढतो (उशिरा देतो), आणि ताकद जाते. त्यामुळे इंटरकूलर, आणि पाण्याने थंड होणाऱ्या रचनेत त्याचा वेगळा रेडिएटर व पंप, हे रिमॅपच्या आधी बघायचे भाग आहेत.

रिमॅप ९८ ऑक्टेनवर बनवला असेल आणि टाकीत ९५ पडत असेल, तर नॉक सेन्सर रोज गाडी वाचवत राहतो. सेन्सर हा शेवटचा आधार आहे, रोजची सवय नव्हे.

काम करून घेतल्यावर डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद पुरत नाही. लॉग मागावा, तोही तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमधल्या सलग तीन-चार पूर्ण धाव्यांचा. त्यात बघायचं असं: एखाद्या सिलिंडरची ठिणगी १–२ अंश मागे येणं चालतं, पण त्याच सिलिंडरवर दर वेळी ४–५ अंश ओढली जात असेल तर बूस्ट कमी करायला हवा. आत येणाऱ्या हवेचं तापमान चौथ्या धाव्यालाही आटोक्यात हवं. इंधनाच्या रेलचा दाब मागणीइतका टिकला पाहिजे; मागणी २०० बारची आणि प्रत्यक्षात १६० पर्यंत घसरण दिसली तर उच्च दाबाचा पंप संपला, यापुढे सॉफ्टवेअरने काही होणार नाही. पूर्ण भारावर लॅम्बडा (हवा-इंधनाचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं जुळलेलं) १ च्या बराच खाली, साधारण ०.८ ते ०.८८ च्या पट्ट्यात असावा. मिश्रण पातळ राहिलं की टर्बाइनच्या तोंडाशी तापमान हजार अंशांच्या वर जातं आणि आधी कॅटकॉन (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा भाग), मग टर्बो जातो.

रिमॅप करणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारावा: मिनिटाला २००० फेऱ्यांच्या खाली टॉर्क किती दिला आहे? खालच्या फेऱ्यांत प्रचंड टॉर्क दिला की गाडी बसल्या जागी ढकलल्यासारखी वाटते आणि ग्राहक खूश होतो. पण थेट इंधन फवारणीच्या टर्बो इंजिनात याच पट्ट्यात अवेळी पेट घेण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो, आणि एका फटक्यात पिस्टनचा कडा तुटू शकतो. समजूतदार ट्यूनर २५०० फेऱ्यांपर्यंत टॉर्क दाबून ठेवतो. इंजिन ऑइल एपीआय एसपी दर्जाचं घ्यावं; २०२० मध्ये आलेल्या या दर्जात अवेळी पेट रोखण्याची चाचणी आहे. बूस्ट वाढवला तर स्पार्क प्लगची फट ०.८ मिमीवरून ०.६ च्या आसपास आणावी लागते, नाहीतर दाट मिश्रणात ठिणगी विझते आणि मिसफायर येतो.

प्लग लावून चालणाऱ्या छोट्या ट्यूनिंग बॉक्सबद्दल मत स्पष्ट आहे: नको. तो दाबाच्या सेन्सरचा आकडा कमी करून दाखवतो, ईसीयू बूस्ट वाढवतो, आणि त्यानंतरचा सगळा हिशेब खोट्या आकड्यावर उभा राहतो.

गिअरबॉक्सचंही असंच. झेडएफच्या ८ गिअरच्या बॉक्समध्ये नावातला शेवटचा आकडा टॉर्कची कल्पना देतो: ८एचपी७० साधारण ७०० न्यूटन मीटरचा, ८एचपी९० साधारण ९०० चा. बॉक्स क्लचवरचा तेलाचा दाब इंजिनने कळवलेल्या टॉर्कवरून ठरवतो. रिमॅपमध्ये टॉर्क १००० केला आणि बॉक्सला ८०० च कळवला, तर दाब कमी पडतो आणि क्लच घसरतात. सुरुवातीला फक्त गिअर मऊ पडल्यासारखे वाटतात. म्हणून इंजिनबरोबर बॉक्सचं सॉफ्टवेअरही करावं, आणि बॉक्सचं ऑइल ८० हजार किमीच्या आतच, पॅन-फिल्टरसह बदलावं.

एक्झॉस्टबद्दल थोडक्यात. कॅटकॉन आणि कणफिल्टर काढणं रस्त्यावरच्या गाडीसाठी बहुतेक देशांत बेकायदेशीर आहे, आणि आवाजापुरती तर त्याची गरजच नाही. काम मागच्या सायलेन्सरवर करावं. व्ही८ इंजिनात २००० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे १३३ स्फोट होतात, आणि एसयूव्हीची मोठी पेटीसारखी केबिन नेमका तोच सूर धरून घुमते. हायवेवर तासाभरात डोकं दुखतं. उपाय म्हणजे पाइपला जोडलेली, टोक बंद केलेली फांदी. तिची लांबी त्या सुराच्या तरंगलांबीच्या पाव असावी लागते, गरम वायूत इथे साधारण ९० ते ९५ सेंटिमीटर.

बॉडीकिट: बंपरमागे काय आहे ते आधी बघा

पुढचा बंपर हा आज गाडीचा चेहरा कमी आणि यंत्रांची पेटी जास्त आहे. त्यामागे रेडिएटर, इंटरकूलर, अंतर मोजणारा रडार आणि अल्ट्रासॉनिक सेन्सर असतात. रडार ७६ ते ७७ गिगाहर्ट्झवर काम करतो. कार्बन फायबर वीजवाहक आहे, त्यामुळे रडारसमोर कार्बनचा भाग आला की तो आंधळा होतो. काचतंतूचा बंपर चालतो, पण रडारच्या जागी पुट्टीचे थर किंवा मेटॅलिक रंगाचे चार हात नकोत. पार्किंग सेन्सरचं भोक मूळ कोनातच पाडावं. कोन खाली गेला की गाडी जमिनीलाच अडथळा समजून ओरडत राहते. बंपर बदलल्यावर रडारचं कॅलिब्रेशन करणं हा कामाचाच भाग आहे.

हवेच्या खिडक्या दिसायला मोठ्या असतात आणि मागे बंद असतात, असे किट पुष्कळ आहेत. तपासायचा सोपा मार्ग: त्याच रस्त्यावर, त्याच हवामानात, किट बसवण्याआधी आणि नंतर आत येणाऱ्या हवेचं तापमान नोंदवा. ते १० अंशांनी वाढलं तर रिमॅपची बरीच कमाई बंपरने खाल्ली.

कार्बनमध्ये तीन जाती आहेत. आधीच राळ भरलेलं कापड भट्टीत दाबाखाली पक्कं केलेलं, ते सगळ्यात हलकं. हाताने राळ लावलेलं त्याहून जड. आणि काचतंतूच्या भागावर कार्बनचा एकच थर चढवलेलं, जे फक्त दिसण्यापुरतं असतं. भाग उलटा करून आतली बाजू बघितली की जात कळते. २०१० च्या लॅम्बोर्गिनी सेस्तो एलेमेंतोमध्ये गाजलेलं, तुकड्यातुकड्यांच्या नक्षीचं फोर्ज्ड कार्बन आता किटमध्येही दिसतं. अवघड आकाराच्या छोट्या भागांसाठी ते उत्तम. जात कोणतीही असो, वरचा क्लिअर कोट अतिनील किरणांना टिकणारा नसेल तर उन्हात पिवळेपणा ठरलेला.

वाइडबॉडीसाठी (चाकांच्या कमानी रुंद करण्यासाठी) मडगार्ड कापलं असेल तर कापलेल्या कडेला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, त्यावर सीलर आणि आतून पोकळीचं मेण लागलं पाहिजे. कमानीची झालर बसवल्यावर ही कड दिसत नाही, आणि गंज तिथूनच सुरू होतो. झालर चिकटवताना पॉलियुरेथेन गोंद पूर्ण पक्का होईपर्यंत, किमान २४ तास, गाडी हलवू नये. ५०० किमीनंतर चाकं काढून कमानीच्या आतलं अस्तर बॅटरीच्या उजेडात बघावं. चकाकणारा घासलेला पट्टा दिसला, तर तो टायरच्या बाहेरच्या कडेचा आहे की आतल्या, त्यावरून ऑफसेट बदलायचा की उंची १० मिमी वाढवायची हे ठरतं.